चपलांचा नंबर

इंग्रजी शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आणि त्या भाषेतल्या एकाच शब्दाने मला छळलं. नंबर. शाळेत येतो तो नंबर, गॅससाठी लागतो तो नंबर, चष्म्याचा नंबर, फोनचा नंबर, काळा धंदा दोन नंबरचा आणि पिठलं मात्र एक नंबर. आपली भाषा आळशी झाली म्हणून मी चिडायचो आणि असले वापर वहीत टिपून ठेवायचो. माझी बायको कुसुम ती वही वाचून हसायची. पुढे तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि वाचणं थांबलं.

शहाण्णव साली नाशकात डोळ्यांचं शिबिर भरलं. बाहेरगावचे मोठे डॉक्टर एकच दिवस येणार होते आणि चाळीसच जणांना तपासणार होते. आम्ही इंदिरानगरहून पहाटेच निघालो, तरी पुढे बरेच लोक होते. म्हणजे लोक कडुनिंबाखाली बसले होते आणि व्हरांड्यात नुसत्या चपलांची रांग होती. मी मात्र कुसुमचा हात धरून ताठ उभा राहिलो.

आठ वाजता कळलं की साखरेची तपासणी आजचीच हवी. लॅब रस्त्यापलीकडे होती. कुसुमला एकटीला रस्ता दिसत नव्हता, म्हणजे दोघांनाही रांग सोडणं भाग होतं. आमच्या पुढे नंबर होता हरसूलच्या भागुबाईंचा. त्या सासूला घेऊन आल्या होत्या.

"गुरुजी, चप्पल ठिवा आन् जा," त्या म्हणाल्या. "नंबर कुठं जात नाय."

मला ते पटलं नाही, पण अडला हरी. चपला ठेवल्या आणि अनवाणी निघालो.

तासाभराने परतलो तर व्हरांडा धुऊन लख्ख झाला होता आणि एकही चप्पल जागेवर नव्हती. माणसांची रांग फाटकापर्यंत आली होती. एवढा शिकलेला मी, बायकोची दृष्टी एका चपलेच्या भरवशावर टाकून गेलो होतो. कुसुमला काही न सांगता मी रांगेच्या शेवटी उभा राहिलो.

तेवढ्यात भागुबाई आल्या. त्यांच्या हातात माझ्या चपला होत्या. झाडणाऱ्याने सगळ्या चपला कोपऱ्यात लोटल्या होत्या, पण कुणाच्या मागे कोण हे प्रत्येकाला पाठ होतं.

"मागं कशाला उभं राहिलात? तुमची जागा मोकळी ठिवलीय."

खरंच दोन माणसांएवढी जागा सुटलेली होती. तिच्यामागे सायखेड्याचे एक म्हातारबाबा काठी आडवी धरून उभे होते, कुणी घुसू नये म्हणून. आम्हाला अडतिसावा नंबर मिळाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन होईल आणि दिसेलही. मला तिथेच रडू आलं.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: नंबर म्हणजे आपण नसताना लोकांनी राखलेली आपली जागा. काय लिहिलंत, कुसुमने विचारलं. सांगितलं नाही. म्हटलं, पट्टी निघाली की तूच वाच.

दीड महिन्याने नवा चष्मा लावून तिने ते पान वाचलं. मग म्हणाली, "अक्षर अजून तसंच गचाळ आहे हो तुमचं."