एकाच हाताची गाय

माझं नाव लिस्का. कपाळावर पांढरा चांद असला की आमच्याकडे गाईला लिस्काच म्हणतात, त्यामुळे नावासाठी कुणी फार डोकं शिणवलं नाही. आता दात झिजलेत, आणि एकदा बसले की मागचा डावा पाय उठायचं नाव घेत नाही. परवा गाडी येणार आहे आणि मला तीत चढायचंय, हे पालाझ्कानं आज सकाळी धार काढताना सांगितलं. सांगताना तिला रडू आलं. अगं बाई, चौदा वर्षं जगले मी. या गावातली कितीतरी पोरं तेवढीसुद्धा जगली नाहीत. पण माझं बोलणं तिला कुठलं कळायला? म्हणून तुमच्याशी बोलतेय.

मी जन्मले ओरिनाच्या बापाच्या गोठ्यात. बाहेर बर्फ होतं, म्हणून मला घरात आणून चुलीपाशी ठेवलं. ओरिना तेव्हा सोळा वर्षांची. तिनं दुधात बोट बुडवून माझ्या तोंडात घातलं आणि मी ते सोडेचना. पुढे दोन वर्षांनी तिचं पनासशी लग्न झालं, तेव्हा मी आंदण म्हणून तिच्या गाडीमागे चालत सासरी गेले. शिंगांना लाल फीत बांधली होती. आमच्याकडे घर नवऱ्याचं, घोडा नवऱ्याचा, शेत नवऱ्याचं. पण आंदणाची गाय बाईची. तिच्या दुधात सासूनंही तोंड घालायचं नाही.

सासूनं एकदा घातलंच. ओरिना तापानं निजली होती, तर ही म्हातारी चरवी घेऊन माझ्याखाली येऊन बसली. हात बर्फासारखे, आणि मनात सुनेचा राग. आम्हांला हातावरून सगळं कळतं. मी दूध जे वर ओढून धरलं, ते मांजराला पुरेल एवढंही तिला मिळू दिलं नाही. शेवटी ओरिना शाल गुंडाळून कण्हत उठून आली. तिची एक ठरलेली रीत होती. आधी मीठ लावलेला राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा माझ्या तोंडात, मग माझ्या कमरेच्या हाडावर बोटांच्या पेरांनी तीनदा टकटक, मग कपाळ माझ्या कुशीला टेकून नाकातल्या नाकात गुणगुणायचं. एवढं झालं की मी चरवी भरून द्यायची.

त्यानंतर ओरिना विहिरीवर जाईल तिथे सांगायची, माझी लिस्का माझ्याखेरीज कुणाला ओळखत नाही. बायका कौतुक करायच्या, काही नाकं मुरडायच्या. मलाही ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला सांगू, शेफारले होते मी.

मग ओरिनाला मुलगी झाली, उस्त्या. तिला बाप्तिस्म्याला हातावर घेतलं ते पनासच्या लहानपणच्या मित्रानं, ओमेल्कोनं. म्हणजे तो तिचा धर्मपिता. ओमेल्कोला स्वतःची वीतभर जमीन नव्हती. लोकांच्या बांधावर राबून मोठा झालेला माणूस; आमच्या घरी आला की उभ्यानंच पेलाभर दूध पिऊन जायचा.

उस्त्या दोन वर्षांची होईस्तोवर सगळं ठीक होतं. मग तालुक्याहून माणसं आली आणि शाळेत रोज सभा व्हायला लागल्या. शेतं सगळ्यांची एक करायची, घोडे एक करायचे, गाई एका गोठ्यात बांधायच्या. यंत्रं नांगरतील, कुणी कुणाच्या दारात राबायचं नाही. ओमेल्कोला त्यांनी या सामुदायिक शेतीचा अध्यक्ष केलं. तो वाईट माणूस नव्हता हो. त्याला ते सगळं मनापासून पटलं होतं, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही पटलं असतं. पण आपलं सगळं सामुदायिकात देण्याच्या कागदावर लोक सह्या करीनात. तेव्हा रोमान नावाच्या शेतकऱ्याला धरलं. त्याचे दोन घोडे, चार गाई आणि घराला पत्र्याचं छप्पर. तेवढ्यावर तो गावाचा वैरी ठरला. त्याला, बायकोला आणि चार पोरांना बर्फावरच्या घसरगाडीत घालून दूर उत्तरेच्या गोठलेल्या मुलखात धाडलं. त्याच्याच गोठ्याला भिंती वाढवून आमचा सामायिक गोठा झाला. मग सह्या करायला रांग लागली.

सही करायच्या आधी आमच्या गावानं एक वेडेपणा केला. उद्या दुसऱ्याच्या दावणीला जाणार, त्यापेक्षा आज आपल्या पोटात गेलेलं काय वाईट, असं म्हणत लोकांनी आपलीच जनावरं कापली. पंधरा दिवस गावभर मांस शिजत होतं. माणसं खाऊन खाऊन आजारी पडली आणि तरी खात होती. शेजारच्या दोन गाई गेल्या, दोघीही माझ्याबरोबर कुरणात चरलेल्या. पनासही सुरीला धार लावून आला. ओरिना गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"ती माझी आहे," ती म्हणाली. "द्यायचीच असेल तर जिवंत दे. जिवंत राहिली तर परत तरी येईल."

पनास मान खाली घालून माघारी गेला, आणि दुसऱ्या दिवशी मला सामायिक गोठ्यात बांधून आला.

तिथे आम्ही ऐंशीजणी होतो. छपरातून पाणी गळत होतं. पेंढा संपला तेव्हा त्याच छपराचा काढून आमच्यापुढे टाकला, तो आम्ही खाल्ला, आणि मग वरून बर्फ पडायला लागलं. रोज नव्या हातांच्या पोरी धारेला यायच्या. मी कुणालाच दूध दिलं नाही. पायही उचलला नाही, लाथही मारली नाही, फक्त धरून ठेवलं. वसंत लागायच्या सुमारास एका सकाळी गावातल्या बायका एकदम गोठ्यात घुसल्या. ओरिना सगळ्यांत पुढे. पुरुषांना पकडून नेतात, बायकांना नेत नाहीत, असा त्यांचा हिशेब, आणि त्या वेळी तो खरा ठरला. वरूनही काहीतरी ढिलाई आली होती म्हणतात. जिनं तिनं आपली गाय सोडली. मला तर दावंही धरावं लागलं नाही.

घरी ओरिनानं मला पावाला दुप्पट मीठ लावून दिलं आणि कुंपणावरून शेजारणीला सांगितलं, "एक थेंब दिला नाही हो माझ्या लिस्कानं त्यांना." तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. दूध धरून ठेवलं की घरी नेतात. गाईची अक्कल ती केवढी, पण जे एकदा बसतं ते निघत नाही.

दोन वर्षं घरी काढली. मग बत्तीस सालचा हिवाळा आला. पीक चांगलं नसलं तरी अगदीच नव्हतं असंही नाही, पण सरकारला घालायचं धान्य पुरं भरलं नाही म्हणून, लपवलेलं शोधायला लोखंडी सळया घेतलेली टोळी घरोघर फिरली. आमच्याकडे चुलीखालची जमीन खोदली, बिछाना उसवला, बियाण्याचं गाठोडं नेलं, उतरंडीतले मूठभर घेवड्याचे दाणेसुद्धा नेले. सासू आदल्या वर्षीच वारली होती. पनास आधीच पाव शोधायला शहराकडे गेला होता, तो आलाच नाही. धान्य संपल्यावर टोळीनं माझं दावं सोडलं. ओमेल्को त्यांच्यात होता. ओरिना त्याला म्हणाली, सगळं नेलंत, एवढी गाय राहू दे, पोरीच्या पोटात दुसरं काही जात नाही. ओमेल्कोनं तोंड फिरवलं. मला कापायला न्यायचं होतं, पण मी गाभण होते, म्हणून पुन्हा त्याच गोठ्यात बांधलं. तिथे व्याले. वासरू दोन दिवस जगलं.

ओरिनानं गोठ्यात धारेचं काम मागून घेतलं, माझ्याजवळ राहता येईल म्हणून. पण नियम असा की कुणी आपल्या जुन्या गाईला हात लावायचा नाही. तिला पलीकडची रांग दिली. माझी रांग शेजारच्या पालाझ्काकडे होती. पालाझ्का एकटीच, स्वभावानं गरीब, जरा भित्री. तालुक्यानं नेमलेला मुकादम ओरिनावर डोळा ठेवून असायचा, पळालेल्याची बायको म्हणून. तेव्हा त्या दोघींनी एक ठरवलं. पालाझ्कानं माझ्या दुधातला एक पेला माझ्याच गव्हाणीत पेंढ्याखाली लपवायचा आणि घरी जाताना उस्त्याला द्यायचा. तिच्या रांगेतल्या बाकीच्या गाई आटलेल्या. दूध होतं ते फक्त माझ्या कासेत.

आणि मी दूध धरून ठेवलं.

पंधरा दिवस, दोन्ही वेळा. पालाझ्काची बोटं गारठलेली. ती ओढायची, विनवायची, आणि पेला रिकामाच पेंढ्याखाली जायचा. मला वाटत होतं, मी ओरिनासाठीच करतेय. धरून ठेव, लिस्का, बायका येतील. मी कान दाराकडे लावून उभी असायचे. पण या वेळी बायका येणार कुठून? दारापर्यंत चालायचं बळ कुणात उरलं होतं?

सोळाव्या दिवशी दुपारी मुकादम जेवायला गेला होता, तेव्हा ओरिना माझ्याकडे आली. तिचा हात कमरेवर पडला तो नुसता हाडांचा होता. पाव नव्हताच. तिनं रिकामा तळहात माझ्या तोंडाशी धरला आणि मी तो चाटला.

"लिस्का, सोड गं बाई," ती कानाशी म्हणाली. "पालाझ्कालाच सोड. ते दूध उस्त्याचं आहे. पोरीचे पाय सुजलेत. मीच लाडावून ठेवलं तुला, मीच."

मग तिला राहवलं नाही. ती खाली बसली, तीन टकटक केली, कपाळ टेकलं. गुणगुणायला श्वास नव्हता, पण मी ओळखलं. पंधरा दिवसांचं धरलेलं सगळं सोडलं मी. दूध चरवीत धो धो पडायला लागलं, पेला भरला, पेंढ्याखाली गेला, चरवीही अर्धी झाली, आणि तो आवाज ऐकून मुकादम दारातच थबकला.

त्यानं ओमेल्कोला बोलावून घेतलं. आटलेली गाय हिच्याच हाताला कशी देते, असं त्यानं विचारलं. हिनं शिकवून ठेवलीय, सामुदायिकाचं दूध बुडवायला. ओरिनाला नाही म्हणता आलं असतं. पण माझ्याबद्दल खोटं बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. ती म्हणाली, हो, माझ्याच हातची आहे ती, लग्नाच्या आधीपासून. मुकादमाला तेवढंच हवं होतं. ओमेल्को एक शब्द बोलला असता तर कदाचित वाचली असती. तो बुटांकडे बघत राहिला.

"ओमेल्को," ओरिना म्हणाली, "बाप्तिस्म्याला तू तिला हातावर घेतलं होतंस. आता घे."

तिला घसरगाडीत बसवून नेलं. मी हंबरले, दावं ताणलं, खुंटा हलला नाही. ओरिना परत आली नाही.

संध्याकाळी पालाझ्कानं पेंढ्याखालचा पेला काढून शालीखाली घेतला. ओमेल्को दारातच उभा होता. त्यानं पेला बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. ती निघून गेली. त्यानंतर रोज ती वेळ झाली की त्याला भिंतीकडे काहीतरी काम निघायचं. हात तर त्यानं पोरीला लावला नाही. पालाझ्कानंच तिला घरी नेलं.

दुसऱ्या सकाळी पालाझ्का रडत खाली बसली. हात गारच. टकटक नाही, पाव नाही, गुणगुणणं नाही. मी दूध सोडलं. तिनं चकित होऊन वर बघितलं. एवढं सोपं होतं ते. पंधरा दिवस आधी केलं असतं तर ओरिनाला माझ्याकडे यायची गरजच पडली नसती. पुढची सगळी वर्षं मी हेच रवंथ करतेय.

उस्त्या वाचली. आमच्या गल्लीत त्या वसंतात धूर निघायचा तो फक्त तीन घरांतून. त्यांतलं एक पालाझ्काचं.

मग वरून हुकूम आला, ज्यांच्या दारी गाय नाही त्यांना कालवड द्यायची. पालाझ्काला मिळालेली कालवड नेमकी माझ्याच पोटची, पुढच्या वेतातली. कपाळावर चांद, म्हणून नाव लिस्का. या वसंतात ती व्याली. उस्त्या आता आठ वर्षांची आहे, या धाकट्या लिस्काची धार तीच काढते. काल ती मला भेटायला आली, मीठ लावलेला पावाचा तुकडा घेऊन. माझ्या कमरेच्या हाडावर तिनं तीनदा टकटक केली. कुठून शिकली कोण जाणे. आईच्या मांडीवर असताना बघितलं असेल. मग मान वर करून पालाझ्काला मोठ्या ऐटीत सांगते कशी, "मावशी, आपली लिस्का माझ्याशिवाय कुणाला दूधच देत नाही."

पालाझ्का हसली. मी पाव तोंडातून खाली टाकला.

माझं बोलणं त्यांना कळत नाही, तुम्हांला कळतंय. परवाच्या आत कुणीतरी त्या पोरीला गाठा. म्हणावं, पाव दे, मीठ दे, टकटक कर, लाड कर हवे तेवढे. पण त्या धाकट्या लिस्काखाली रोज पालाझ्कालाही बसव. शेजारणीला बसव. ज्यांचे हात गार आहेत त्यांना बसव. कुणाचेही हात असोत, तिनं दूध सोडायला शिकलं पाहिजे. कुणी सांगितलं असं विचारील ती. तिच्या आईच्या लिस्कानं, म्हणावं.