आसऱ्याचा गिलावा

सावंतवाडीहून खाडीकडे उतरणाऱ्या त्या गावात सगळी घरं जांभ्या चिऱ्याची. विटांची इमारत एकच : चर्चच्या मागची सहा खोल्यांची बैठी रांग. तिला सगळे आसरा म्हणत. म्हातारपणी ज्यांना कोणी नाही त्यांनी तिथे राहावं, जात-धर्म विचारू नये, असं बांधणाऱ्यानं लिहून ठेवलं होतं. तो बांधणारा, कायतान, बोटीवर स्वयंपाकी होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात त्यानं वृद्धांसाठी बांधलेली विटांच्या खोल्यांची रांग पाहिली आणि तसंच घर गावात उभारायचं मनात घेतलं. पायाखाली चिऱ्याची खाण असताना हा माणूस खाडीची माती भाजत बसला, म्हणून गाव हसलं. त्यानं विटा शिंपल्यांच्या चुन्यात बसवल्या आणि स्वयंपाक्याच्या सवयीनं चुलींचा विचार सर्वांत आधी केला. दर दोन खोल्यांच्या चुली पाठीला पाठ लावून, त्यांना धुराडं एकच, आणि शेजारी भिंतीत आरपार कोनाडा; पलीकडे वाटी देता यावी म्हणून.

सव्वाशे वर्षांनंतर त्या सहा खोल्यांपैकी दोनच वापरात होत्या. अलीकडच्या खोलीत सिल्व्हिया, वय ब्याऐंशी, एके काळी मुलींना शिवण शिकवणारी, आता दृष्टी गेलेली. पलीकडे तुळसा, आयुष्यभर लोकांची भातलावणी करून कंबर वाकलेली. बाकीच्या खोल्या ओलीमुळे बंद होत्या.

शनिवारी सकाळी मॅन्युएल ओळंबा, टेप आणि हातोडी घेऊन आला. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन पस्तीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून काढलेल्या या पंच्याहत्तर वर्षांच्या गृहस्थाचा शब्द गावात शेवटचा मानला जाई. इमारत ठेवावी की पाडावी, याचा अहवाल त्यानं रविवारी चर्चच्या समितीपुढे ठेवायचा होता. समितीचा सचिव रॉयडन फाटकातच भेटला.

"अंकल, अहवालात दोन वळी लिवल्यास तरी पुरे. जुनी, धोकादायक, पाडण्यायोग्य. थंय हॉल बांदूक येतलो."

"आनी ह्यो दोघी?"

"सिल्व्हिया आंटी गोव्यात सिस्टरांकडे. तुळसाचो भाचो आसा नांदगावाक, तो पडवी देता म्हणता."

मॅन्युएल टेप उलगडत पुढे गेला. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्याची जुनी शिस्त होती.

"कोण, मॅन्युएल मरे तो?" दारातून सिल्व्हिया म्हणाली. "पाय घासत चलतस. म्हातारो झालंस."

"तुझ्यापेक्षा सात वर्सांनी ल्हान आसंय, बाय."

"तिचा मनार घेव नको, बाबा," पलीकडून तुळसा ओरडली. "तिका दिसणा नाय, पण चुको सगळ्यांच्यो सापडतत!"

त्यानं ओळंबा सोडला. भिंती उभ्या रेषेत होत्या. मग हातोडीनं दर्शनी भिंत ठोकली. बद्द आवाज आला. त्यानं सिमेंटच्या गिलाव्याचा तळहाताएवढा टवका उडवला, तशी आतली वीट पिठासारखी खाली सांडली. मागे क्षारांचा पांढरा लोणा फुलला होता. तो मागच्या भिंतीकडे गेला. तिथे गिलावा झालाच नव्हता; पुढची भिंत झाली त्या वर्षी उरलेली सिमेंटची पोती ओल लागून दगड झाली होती. उघड्यावर सव्वाशे पावसाळे खाल्लेल्या त्या विटा हातोडीखाली खणखणत होत्या.

मॅन्युएल उंबऱ्यावर बसला. विटा आणि शिंपल्यांचा चुना मिळून ओल शोषत आणि उन्हात सोडून देत. सिमेंटनं ती वाट बंद केली, आणि ओल आतल्या आत विटा खात राहिली. एकतीस वर्षांपूर्वी हा गिलावा त्यानंच सुचवला होता. 'कायमचं काम' हे शब्द त्याचेच होते.

"हात लाव बघया," सिल्व्हिया भिंत चाचपत म्हणाली. "ही घामता रे. तू गिलावो केलंस तेव्हापासून. मी तुका तेव्हाच सांगलंय."

"मी काय म्हटलंय?"

"सिमेंटाक सुकाक वर्सभर लागता, म्हटलंस. एकतीस वर्सां झाली, वाट बघतंय!"

"मगे परत कित्याक नाय सांगलंस?"

"मिसाच्या वेळार फादरान सगळ्यांसमोर तुझा नाव घेतल्यान. किती खूश होतंस तू! माझ्यान सांगवला नाय."

मॅन्युएलनं अहवालासाठी खिशातली वही काढली. 'विटा जुन्या आहेत, भिंती निकामी झाल्या आहेत' एवढंच लिहिलं असतं, तरी त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता. खरं कारण कोणी विचारणारही नव्हतं.

तेवढ्यात कोनाड्यातून तुळसाचा हात आला. हातात बांगड्याच्या आमटीची वाटी होती, आणि माशाचा प्रत्येक काटा निवडून काढलेला होता.

"घे गो. आज डोळे फाडून बघलंय, एकय उरलो नाय."

"काल एक होतो," सिल्व्हिया म्हणाली आणि निर्धास्तपणे पहिला घास तोंडात टाकला.

मॅन्युएल त्या घासाकडे बघत राहिला. गोव्यातल्या सिस्टर प्रेमळ असतील, जेवणही चांगलं देतील. पण हिच्या ताटातला मासा कोण निवडणार?

रविवारी त्यानं अहवाल उभं राहून वाचला. "इमारतीच्या आजच्या अवस्थेचं कारण तिचं वय नसून, माझ्या सल्ल्यानं केलेला सिमेंटचा गिलावा आहे. ती चूक माझी." रॉयडननं मान वर केली. मॅन्युएल पुढे वाचत गेला : गिलावा उतरवावा, भिंतींना दोन वर्षं वाळू द्यावं, कुजलेल्या विटा बदलून पुन्हा चुनाच वापरावा, राहत्या खोल्यांना आज धोका नाही.

अहवालाचा कागद समितीत हातोहात फिरला. मग फादर म्हणाले, "दोन वर्षं देऊ या."

बाहेर पडताना रॉयडननं त्याला गाठलं. "कोणाक कळला नसता, अंकल."

"माका कळलेला, रे."

सोमवारी सकाळी मॅन्युएल स्टूल टाकून छिन्नी चालवू लागला. कामाला गवंडी येणार होते, पण पहिली खोली त्यानं स्वतःकडे ठेवली होती. वीतभर गिलावा सुटला की तो थांबे, मागची वीट ब्रशनं हलकेच झाडे आणि पुढे सरके. सिल्व्हिया खुर्ची घेऊन शेजारी बसली होती.

"सावकाश रे," ती म्हणाली. "माझी भिंत ती."

"सावकाशच करतंय."

"आनी ह्या खेपेक मधी मधी माका विचारीत जा."

"विचारतलंय," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून उघड्या पडलेल्या विटेवर ठेवला.