आबांच्या आवाजाला पाच वॅट

आबांचा आवाज ठेवायला मी आधी चुकीचं यंत्र निवडलं. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधी माझ्या भावानं, सोमनाथनं, मेंढरांना घातलेल्या त्यांच्या हाळ्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या होत्या. पाण्यावर नेतानाची वेगळी, मेंढरांच्या वाड्यात परतवतानाची वेगळी. मेंढरं अजून त्याच आवाजाला वळतात. सोमनाथ स्पीकरवर लावतो.

मोबाईल फुटतात, हरवतात. म्हणून सगळं घरातल्या एका सर्व्हरवर ठेवायचं आणि मोबाईलनं तिथूनच वाजवायचं ठरलं. आळेफाट्यावरून जुना डेस्कटॉप आणला. स्वस्तात मोठी डिस्क मिळाली म्हणून मी खूश. सोमनाथनं निर्धास्तपणे मोबाईल रिकामा केला.

महिन्याभरात डिस्क बिघडली. दोन हाळ्या गेल्या, बाकीच्या कशाबशा परत मिळाल्या. कारण घरातच होतं. निजण्याआधी घरभर फिरून सगळी बटणं बंद करायची आबांची जुनी सवय. लाल दिवा दिसला की बोट जाणारच. सर्व्हर डिस्कवर काही लिहीत असला तरी वीज तोडली जात होती.

"सोताचाच गळा दाबला की वो तुमी!" आजी हसली, आणि लगेच तिनं तोंडाला पदर लावला. आबांची मान खाली गेली.

"बटणाला चिकटपट्टी लावू," सोमनाथ म्हणाला.

मला ते पटेना. सवयीपेक्षा यंत्र बदलणं सोपं. आबा कधीच बंद करत नाहीत अशी एकच वस्तू आमच्याकडे होती: वाड्याभोवतीच्या तारेचं झटका मशीन. बिबट्याच्या भीतीनं ते सोलर बॅटरीवर रात्रंदिवस टिकटिकतं. डेस्कटॉपच्या साठ वॅटनी ती बॅटरी रात्रही काढली नसती. पण तळहाताएवढा पाच वॅटचा कॉम्प्युटर-बोर्ड, फिरती तबकडी नसलेली डिस्क आणि जोडीला आणखी एक पॅनल, एवढं जमलं असतं.

मी नवा बोर्ड आणि वायर घेऊन गेले तर आबांनी बॅटरीवर हात ठेवला. काढेनात.

"आन् आभाळ भरून आलं मंग?" आजीनं त्यांच्या मनातलं विचारलं. "तारेत करंट न्हाई राह्यला तर मेंढरं जातील, रोहिणी."

आबांनी बोर्डाकडे बोट केलं, मग तारेकडे. मग मूठ मिटून माझ्याकडे पाहिलं. आधी काय बंद पडणार?

"बोर्ड," मी म्हटलं. "बॅटरी उतरायला लागली की आधी तुमचा आवाज. तो नीट आवरून आपला आपण बंद होईल. तार चालू राहील."

आबांनी हात काढला.

आषाढात सलग झाकोळ राहिला आणि बोर्डाचा हिरवा दिवा विझला. सोमनाथ मेंढरांमागे धावून दमला.

"लई माजल्यात राव! हाळीबी लागंना!"

आबांनी त्याला मिटलेली मूठ दाखवली आणि तारेकडे कान केला. टिकटिक चालू होती. गालात हसले.

ऊन पडल्यावर दिवा पुन्हा लागला. मी एकेक रेकॉर्डिंग तपासलं, सगळी शाबूत. आजीनं माझ्या हातून मोबाईल घेऊन वाड्यात परतवायची हाळी लावली.

मेंढरांआधी आबांनीच वळून पाहिलं.