नॉमिनीचा रकाना

मुकुल देवस्थळी सिंगापूरमध्ये ‘खेळांच्या क्षेत्रात’ आहे, एवढंच त्याच्या वडिलांना, अण्णांना, माहीत होतं. ते खोटंही नव्हतं. मुकुलची कंपनी ऑनलाइन बेटिंगच्या जाहिराती करायची, बेटिंग फुटबॉलवर चालायचं, आणि फुटबॉल हा खेळ आहेच.

वेबसाइटचं लायसन्स युरोपातल्या कुठल्याशा बेटावरचं, गिऱ्हाईक इंग्लंडमधलं आणि जाहिराती आणि खातं उघडायचा फॉर्म सिंगापूरच्या तंजोंग पगार भागातल्या एका इमारतीच्या नवव्या मजल्यावरून. शंभर लोक जाहिरातीवर क्लिक करत. अठ्ठ्याण्णव जण पुढचा फॉर्म बघून निघून जात. उरलेले दोघं खातं उघडत, त्याला कन्व्हर्जन म्हणायचं. २००६च्या मे महिन्यात मुकुलच्या बॉस मिस लिम यांनी त्याला बोलावून सांगितलं, की जूनमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आत दोनाचे तीन झाले नाहीत, तर हेड ऑफिस हे काम मनिलाला हलवणार.

नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास जातो आणि तीस दिवसांत देश सोडावा लागतो. मुकुलची मुलगी आर्या सहावीत होती. चार महिन्यांवर तिची पीएसएलई होती. ही परीक्षा दिल्याशिवाय सिंगापूरमध्ये मूल मोठं झालं असं कुणी मानत नाही. बायको ऋताने घरात एवढंच सांगितलं होतं, “परीक्षा होईपर्यंत मी कुठेही हलणार नाही. तुझं तू बघ.”

मुकुलने बघितलं. बटण लाल होतं ते हिरवं केलं. हसणारा खेळाडू काढून ओरडणारा लावला. ‘आता’च्या जागी ‘आत्ताच’ केलं. दोनाचे दोन पॉइंट एक झाले, सोमवारी परत दोन झाले.

अण्णा तेव्हा तीन महिन्यांसाठी मुकुलच्या बेडोकमधल्या फ्लॅटवर आले होते. साताऱ्याच्या सहकारी बँकेत त्यांनी छत्तीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस नवीन खाती उघडण्याच्या टेबलावर. सिंगापूरमध्ये त्यांना बघण्यासारखं फारसं काही सापडलं नव्हतं. रविवारी डायनिंग टेबलावर इंग्लंडच्या गिऱ्हाइकांसाठीचा, खातं उघडायचा छापलेला फॉर्म दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. तो त्यांनी आधी उलटा करून पाहिला.

“मागे काही नाही?”

“नाही अण्णा. हा कम्प्युटरवर भरायचा असतो.”

“असू दे. नॉमिनी कुठाय?”

“याला नॉमिनी लागत नाही.”

“खातं आहे ना?”

“आहे.”

“त्यात माणसाचे पैसे राहणार ना?”

“थोडा वेळ राहतात,” मुकुल प्रामाणिकपणे म्हणाला.

“मग माणूस गेल्यावर काय? का इंग्लंडात जातच नाहीत?”

ऋता कणीक मळता मळता म्हणाली, “अण्णा, तुम्हीच करून द्या दुरुस्त. त्याच्याच्यानं काही होत नाहीये.”

अण्णांनी पेन्सिल मागितली. सतरा रकान्यांपैकी नऊ खोडले. ‘माणूस आत्ताच दारात आलाय, लगेच त्याच्या आईचं माहेरचं नाव कशाला?’ असा शेरा मारला. शेवटी नॉमिनीचे तीन रकाने वाढवले: नाव, नातं, ईमेल. खाली ओळ लिहिली, ‘नॉमिनीस नेमणुकीची सूचना देण्यात येईल.’ आणि सवयीने कोपऱ्यात सही केली.

मुकुलने वडिलांचं मन राखायला तो कागद बॅगेत टाकला, नऊ रकाने खोडण्याची कल्पना उचलायची ठरवली, आणि सोमवारी सगळे कागद एकगठ्ठा अनिमेषच्या टेबलावर ठेवून मीटिंगला गेला. अनिमेष हा प्रोग्रॅमर, पुण्याचा. नॉमिनीचा रकाना पाहून ऑफिसातलं दुसरं कुणीही विचारायला उठलं असतं. अनिमेषला वाटलं, खात्याला नॉमिनी हवाच, हा रकाना इतके दिवस राहून कसा गेला. कोपऱ्यात सही होती, म्हणजे मंजुरीही झालेली. त्याने संध्याकाळपर्यंत तो फॉर्म चालू केला, सूचनेच्या ईमेलसकट. निम्म्या गिऱ्हाइकांना जुना फॉर्म, निम्म्यांना अण्णांचा.

गुरुवारी मिस लिम स्वतः मुकुलच्या टेबलाशी आल्या. “नव्या फॉर्मवर चार पॉइंट एक आहे. काय केलंस तू?”

मुकुलने तेव्हा कुठे तो फॉर्म उघडून पाहिला. “संशोधन,” तो म्हणाला.

इंग्लंडमधल्या काही गिऱ्हाइकांना फोन करून विचारलं गेलं. लीड्सच्या एका प्लंबरने सांगितलं, की आपण मेल्यावर पैसे कुणाला द्यायचे हे जी कंपनी पहिल्याच दिवशी विचारते, ती पळून जाणारी नसावी. नात्याच्या रकान्यात बहुतेकांनी पत्नी लिहिलं होतं, काहींनी आई, दोघांनी कुत्रा.

पुढच्या सोमवारी आठवडाभराच्या सूचनांची ईमेलं एकदम सुटली आणि मंगळवारी पत्नींची उत्तरं यायला लागली.

‘कुठलं खातं?’ असं विचारणारी बरीच होती. एकीने लिहिलं होतं, ‘याने जानेवारीत जुगार सोडला असं मला सांगितलं होतं. कळवल्याबद्दल मनापासून आभार.’ पाठोपाठ खाती बंद होऊ लागली. हेड ऑफिसच्या हिशेबात उघडलेलं खातंच धरत, बंद झालेलं नाही. म्हणजे मुकुलचे चार पॉइंट एक शाबूत होते. फक्त बंद खाती कुणाच्या डोळ्यांवर येण्याआधी सूचनेची ओळ, ईमेलसकट, गुपचूप काढून टाकायची होती.

घरी येऊन तो अण्णांना म्हणाला, “ती एक ओळ काढावी म्हणतोय.”

“नॉमिनीला न कळवता नॉमिनी? का?”

“अण्णा, ते बेटिंगचं खातं आहे. जुगार.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

“मला वाटलं, पोस्टाच्या बचतीसारखं असेल काहीतरी,” ते म्हणाले. चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “मग तर कळवायलाच हवं. बचतीचं एक वेळ नाही कळवलं तरी चालतं.”

“नोकरी जाईल अण्णा.”

“जाईल कदाचित. पण मला विचारलंस म्हणजे तुलाही ती ओळ काढायची नाहीये.”

मुकुलला याचा राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मिस लिमना पत्नींची सगळी उत्तरं छापून दिली आणि सांगितलं, “ओळ राहू द्या. आकडा बंद झालेली खाती वजा करून धरा. घरी माहीत असून जे खेळतात तेच टिकतील. बाकीचे आज ना उद्या जाणारच.”

“किती उरतात?”

“दोन पॉइंट नऊ.”

मिस लिमनी जानेवारीवाल्या बाईचं पत्र दोनदा वाचलं. मग खालची सगळी वाचली. मुकुल उभाच होता. खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या, त्यातल्या बारा मोजून झाल्या.

“हेड ऑफिसला दशांश आवडत नाहीत,” त्या शेवटी म्हणाल्या आणि रिपोर्टात तीन लिहिलं. “ओळ राहू दे. आणि लायसन्सवाले दरवर्षी विचारतात, कुटुंबांसाठी काय करता. यंदा सांगायला काहीतरी आहे लाह.” ‘लाह’ म्हणजे तिथलं ‘बरं का’.

मुकुलने जिन्यात जाऊन घरी फोन लावला. फोन आर्याने घेतला.

“आईला सांग, आपण कुठे जात नाहीये. काम इथेच राहिलं.”

आर्याने आधी स्वतःपुरतं विचारून घेतलं.

“सो पीएसएलई स्टिल मस्ट टेक, आह?”

“हो, परीक्षा द्यावीच लागणार.”

“अलामा,” आर्या म्हणाली, म्हणजे सिंगापुरी ‘अरे देवा’, आणि आईला हाक मारायला गेली.