अबोल्याबाहेरची भाषा

जावा जावा, उभा दावा, असं म्हणतात. आमचा दावा उभा नव्हता, चांगला पाय पसरून घरात बसला होता. मोठी जाऊ वरच्या मजल्यावर, मी खालच्या, मध्ये एक जिना आणि तीन वर्षांचा अबोला. निरोप घेऊन जिन्यावरून ये-जा करायचं काम दोघींचे नवरे करत. सख्खे भाऊ ते. दोघांचेही गुडघे कुरकुरायला लागले, पण आमच्यापैकी एकीनेही माघार घेतली नाही.

म्हणून विद्यापीठातल्या संध्याकाळच्या स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या दिवशी मला पुढच्या बाकावर तिची पाठ दिसली, तेव्हा मी दारातच थबकले. ती पाठ मी हजारांत ओळखेन. जन्मभर शाळेत गणित शिकवून ती फळ्यासारखी ताठ झाली आहे. वाटलं, आल्या पावली परत जावं. पण माझं अडलेलं होतं. आमची कंपनी परदेशात माल पाठवते, आणि जो कोणी स्पॅनिशची मध्यम पातळी पास होईल त्याला तिकडचे ग्राहक देणार, असं साहेबांनी सांगितलं होतं. खोक्यांवरचे पत्ते टाइप करून मी विटले होते. तिचं कारण मला नंतर नवऱ्याकडून कळलं. मुलीचं सासर स्पॅनिश बोलणारं, आणि नव्या विहीणबाईंशी फोनवर नुसतं हसून हसून हिचे गाल दुखायला लागले होते.

बाईंनी हजेरी घेतली. यादी आडनावांप्रमाणे, म्हणजे आम्ही दोघी पाठोपाठ.

"अरे वा, बहिणी का?" बाईंनी विचारलं.

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. एवढ्या वर्षांत आमचं एकमत झालं ते असं.

"मग एका आडनावाच्या दोघी एका बाकावर. जोड्या मी हजेरीप्रमाणेच लावते आणि वर्षभर बदलत नाही. नव्या माणसापुढे माणूस नव्याने लाजतो, त्यात तास फुकट जातो."

मी मूग गिळून तिच्या शेजारी जाऊन बसले. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर संवाद होता. माझी पाळी आली. तीन वर्षांनी मी माझ्या मोठ्या जावेशी बोलले ते हे, "कोमो ते यामास?" म्हणजे, तुझं नाव काय?

तिने अगदी गंभीरपणे नाव सांगितलं. मग मला माझं विचारलं. मीही सांगितलं. "मुचो गुस्तो," ती म्हणाली. म्हणजे तुला भेटून आनंद झाला. पुस्तकात होतं म्हणून म्हणाली, नाहीतर तिला कसला आनंद होणार! मी मात्र मनातून खूश होते, कारण पुस्तकाच्या कृपेने मला तिला चक्क अगं-तुगं करायला मिळत होतं. घरात नवी सून म्हणून आले तेव्हापासून 'अहो जाऊबाई' करून माझी जीभ झिजली होती.

आता अबोला कशावरून, ते सांगते. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांचा पलंग माझ्याकडे खाली होता. आठ-नऊ महिने मी त्यांचं सगळं केलं. त्याचा डांगोरा पिटत नाही, केलं ते मला त्या आवडत होत्या म्हणून केलं. शेवटी माझे डोळे खोल गेलेले बघून हीच म्हणाली, "जा तू दोन दिवस बहिणीकडे. झोप काढ. मी बसते आईंपाशी." मी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. सकाळी उठल्यानंतर त्यांची तब्येत बिघडली होती, दुपारभर त्या जात होत्या, दोघे भाऊ कामावर, आणि ही एकटी त्यांच्याजवळ. बहिणीचं घर तासाभराच्या अंतरावर. मी विचारलं, "मला का नाही कळवलंत?" तर म्हणाली, "वेळच मिळाला नाही." मी तेही गिळलं असतं. पण आठवड्याने कोपऱ्यावरचा दुकानदार मला सहज म्हणाला, "त्या दिवशी दुपारी तुमच्या मोठ्या वहिनींचा फोन आला होता, साबण पाठवा म्हणून. मला काय माहीत घरात काय चाललंय!"

साबणाला वेळ होता. मला नव्हता. त्या दिवसापासून मी तोंड मिटलं. मला भांडण नको होतं, मला फक्त खरं कारण हवं होतं, आणि तेवढंच ती देत नव्हती.

वर्ग सुरू झाला तसं आम्ही काहीही न ठरवता एक ठरवून टाकलं. स्पॅनिश अबोल्यात धरायची नाही. बसमध्ये आधी मी पुढे आणि ती मागे बसायची. पण गृहपाठ जोडीने करायचा असायचा, म्हणून स्टॉपवर उभ्या राहून बोलायला लागलो. मला सफरचंद आवडतं. तुला काय आवडतं? मला मासे आवडत नाहीत. वाचनालय कुठे आहे? वाचनालय डावीकडे आहे. घराचं फाटक आलं की पुन्हा तोंडाला कुलूप. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली. घरात पुरुष माणूस नव्हता. थोडा वेळ वरून पावलांची धावपळ ऐकू आली आणि मग जिन्यावरून आरोळी आली, "आग्वा! मुचा आग्वा!" म्हणजे पाणी, खूप पाणी. मी पंप बंद केला आणि वर तोंड करून आभार मानले, "ग्रासियास!" समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता बघतच राहिली.

हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या भाषेत आम्हाला टोमणे मारता येत नव्हते. मराठीत आम्ही दोघी या कामात पटाईत. साधं 'आलात वाटतं' मी असं म्हणू शकते की समोरच्याचा तिळपापड व्हावा. इथे मात्र शब्दच इतके थोडके की जे आहे ते सरळ म्हणावं लागे. 'माझं कुटुंब' या धड्याला ती म्हणाली, "माझी सासू चांगली होती. ती कमी बोलायची. मला तिची आठवण येते." माझ्या जिभेवर मराठीतलं आलंच होतं की हो ना, शेवटच्या दिवशी तर फारच जपलंत. पण स्पॅनिशमध्ये मला एवढंच जमलं, "मलाही." बाई म्हणाल्या, "छान!" मी खिडकीबाहेर बघत बसले.

पहिलं सत्र संपलं, दुसरं लागलं. वर्ग निम्म्याहून कमी उरला, आम्ही मात्र दोघी टिकलो. मध्यम पातळीची तोंडी परीक्षा जोडीने असते. परीक्षक एक विषय देतो, दोघींनी एकमेकींना प्रश्न विचारत बोलायचं, आणि गुण दोघींना मिळून. एक बुडाली की दुसरीही बुडाली. माझं बरं चाललं होतं, मी चुकत चुकत का होईना पण धकवायचे. तिची सगळी घोकंपट्टी. पाढे पाठ करावेत तसे तिने परिच्छेद पाठ केले होते, आणि मध्येच कोणी वेगळं काही विचारलं की दातखीळ बसायची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मला एकटीला थांबवलं. "मी सहसा असं करत नाही. पण तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. हवं असेल तर जोडी बदलून देते. त्यांच्यापायी तुमचं नुकसान होईल."

"आणि त्यांचं काय होईल?"

"त्या पुढच्या वर्षी पुन्हा बसतील."

पण पुढच्याच महिन्यात तिला मुलीकडे जायचं होतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, विचार करून सांगते. बाहेर आले तर ती स्टॉपवर डोळे मिटून, ओठ हलवत काहीतरी घोकत होती. पर्स छातीशी धरलेली. मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली, आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती. तिच्याशी बोलायची एवढी एकच जागा मला उरली होती आणि ती सोडवेना. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, जोडी राहू दे.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. गळ्यात मफलर, चेहरा झोपाळू. बाई त्यांच्या शेजारी कागद घेऊन बसल्या. आम्हाला समोरासमोर खुर्च्या दिल्या. परीक्षकांनी विषय वाचला. कधीच विसरता येणार नाही असा एक दिवस.

मला हायसं वाटलं. तिचा रेल्वेप्रवासाचा परिच्छेद यात चपखल बसत होता. मी विचारलं, "तुला कोणता दिवस आठवतो?" आणि तिने सुरुवात केली. सकाळची गाडी, मुलीच्या दोन बॅगा, फलाटावर गर्दी. इथवर झकास. मग परीक्षक मध्येच म्हणाले, "मुलगी रडली का?"

हे परिच्छेदात नव्हतं. ती थांबली. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं. ओठ हलले, पण आवाज नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सोपं काहीतरी विचारलं, गाडीचा रंग कोणता होता असलं काही, तर तिला रंगही आठवेना. तिच्या कपाळावर घाम आला. परीक्षकांनी घड्याळाकडे नजर टाकली.

मला कळून चुकलं की हिला असं काहीतरी विचारायला हवं, ज्याचं उत्तर हिने पाठ केलेलं नाही पण हिला माहीत आहे. आणि असा माझ्याकडे एकच प्रश्न होता. मी तो तिला वाचवायला विचारला की तिला टोचायला, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू मला फोन का नाही केलास?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. उठून जाते की काय असं वाटलं. मग ती बोलायला लागली. क्रियापदं सगळी चुकीची, शब्द उलटेपालटे, पण थांबली म्हणून नाही.

"फोन माझ्या हातात. मी नंबर काढते. आई बघते. आई म्हणते, नको. मी फोन ठेवते. आई माझा हात धरते." तिने स्वतःचाच उजवा हात डाव्या हातात घेतला. "खूप महिने आई तुला हाक मारते. मला नाही. मी वरून ऐकते. रोज ऐकते. त्या दिवशी आई माझा हात धरते. मी विचार करते, तू येते, तर आई माझा हात सोडते. तुझा धरते. म्हणून मी फोन करत नाही. मी वाईट. पण हात माझा."

परीक्षकांची झोप उडाली होती. आता माझी पाळी होती. इतक्या वर्षांत मी हिच्यासाठी केवढी भाषणं तयार ठेवली होती! रात्री कूस बदलताना, भाजी चिरताना, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलेलं. त्यातलं एकही मला स्पॅनिशमध्ये येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं एकही मला आता नको होतं. मला विचारता आलं ते इतकंच, "आई 'नको' का म्हणाली?"

तिने शब्द शोधले. सापडले नाहीत. परीक्षेत आपली भाषा बोलली की गुण कापतात, हे तिला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. तिने एकदा बाईंकडे बघितलं आणि मग माझ्याकडे वळून, सासूबाईंच्या त्या खोल गेलेल्या आवाजात, मराठीत म्हणाली, "झोपू दे गं तिला. फार दमलीय पोर."

मी रडले. परीक्षेच्या खोलीत, मफलरवाल्या परक्या माणसासमोर, पदर तोंडाला लावून रडले.

बाहेरच्या बाकावर आम्ही निकालाची वाट बघत बसलो. थोड्या वेळाने बाई आल्या. "मराठी वाक्याचे गुण कापावेच लागले," त्या म्हणाल्या. "क्रियापदांचे तर किती कापले, विचारू नका. पण ते परीक्षक म्हणाले की दिवसभरात खरं संभाषण त्यांनी हे एकच ऐकलं. काठावर पास आहात दोघी."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. कोणत्या भाषेत बोलावं ते दोघींनाही कळेना. मग ती समोर बघत, अगदी तिच्या जुन्या सुरात म्हणाली, "विचारायला तुला परीक्षाच सापडली होय गं? वर्षभर शेजारी बसत होते."

टोमणा! अस्सल, धारदार, घरचा टोमणा. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

"घरी विचारलं होतं की, जाऊबाई. वेळ मिळाला नाही म्हणालात."

"हो," ती म्हणाली. "आई काय म्हणाल्या ते सांगितलं असतं, तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

घर आलं. फाटक उघडलं. रोज ती इथून सरळ वर जायची आणि मी माझ्या दाराकडे वळायचे. आवाज ऐकून खालून माझा नवरा दारात आला, वरून भाऊजी जिन्याच्या कठड्याशी आले. काय निरोप द्यायचाय, अशा चेहऱ्याने दोघे उभे.

मी तिसऱ्या पायरीवर बसले आणि शेजारची जागा हाताने पुसली. "जाऊबाई," म्हटलं, "मी नव्हते त्या दिवशी. मला तो सगळा दिवस सांगा. पहिल्यापासून."

ती बसली. पर्स मांडीवर ठेवली. बराच वेळ पर्सची चेन मागेपुढे करत राहिली.

"सकाळी उठल्या तेव्हा बऱ्या होत्या," ती म्हणाली. "मग धाप लागायला लागली. पण अंग पुसून दे म्हणून हट्ट धरला. मी साबण घेतला, तर हात झटकला माझा. हा नाही म्हणाल्या, धाकटी लावते तो, गुलाबी. तू आणायचीस तो संपला होता गं. म्हणून मग मी दुकानात फोन केला."