एकही नागा नाही

किरनापुरातल्या शाळेत पहिलीचा वर्ग आम्रपालीमॅडमकडे होता. पोरं चौतीस. धान कापणीला आलं की निम्मा वर्ग रिकामा, लग्नसराईत तर विचारूच नये. मयुरीचा मात्र जूनपासून एकही नागा नव्हता. सहा वर्षांची पोर, आई दोन वर्षांपूर्वी वारलेली. बाप लोकेश बैहरकडे प्रवासी जीप चालवायचा. शाळा साडेदहाची, पण तो तिला सातलाच फाटकाशी उतरवून द्यायचा. पालकांच्या बैठकीत मॅडम तिचंच नाव घ्यायच्या. बिनआईची पोर रोज येते, मग तुमच्या पोरांना काय झालं?

दर सोमवारी मयुरीचा घसा बसलेला असायचा. विचारलं तर ती खाली बघायची. मॅडमनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

मार्चमध्ये तिच्या पाठीवर फोड दिसले. छोटी माता, म्हणजे कांजिण्या.

"आता आठ दिवस शाळेत यायचं नाही, बेटा," मॅडम म्हणाल्या.

"मी कोपऱ्यात बसते. कोणालेच हात नाही लावत."

"दुसऱ्या पोरायले होईल ना. घरी आराम कर."

"मले घरी नोको पाठवा, मॅडम."

"काहून?"

तिने दप्तर घट्ट धरलं. फोन केल्यावर लोकेश जीप घेऊन आला.

"घरी हिच्याजवळ आहे ना कोणी?" मॅडमनी विचारलं.

"हौ, आहे ना," तो दुसरीकडे बघत म्हणाला आणि त्याने पोरीला उचलून जीपमध्ये ठेवलं. ती रडली नाही. मॅडमना रात्रभर तेच टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी लोकेशला चार वेळा फोन लावला. लागला नाही. जंगलात शिरलं की तिकडे रेंज नसते. मधल्या सुट्टीत त्या स्वतःच निघाल्या. घर वस्तीच्या टोकाला होतं. दाराला बाहेरून कुलूप, खिडकीवर पत्रा ठोकलेला. शेजारच्या अंगणात म्हातारी गोदाबाई मोहफुलं वाळत घालत होती.

"लोकेश कुठं गेला?"

"गाडीवर. रोजचंच हाये."

"अन् पोरगी?"

गोदाबाईचा हात थांबला. "अंदरच असते. रविवारी ओरडत राह्यते, मंग थकते. मी बोलली लोकेशले एकदा. तो म्हणे, माह्या घरात नोको पडू." ती दाराकडे बघत राहिली. "पण आज सकाळपासून आवाज नाही आला, बाई."

मॅडमनी दार बडवलं. हाका मारल्या. आत काहीच हललं नाही. फटीपाशी माश्या घोंगावत होत्या. काय करावं सुचेना, तेव्हा त्यांनी हजेरी घेताना घेतात तसं पूर्ण नाव घेतलं.

"मयुरी लोकेश नागपुरे!"

त्यांनी दाराला कान लावला. मग दाराखालून, अगदी जमिनीलगतून आवाज आला.

"हाजिर, मॅडम."

गोदाबाईच्या वरवंट्याने कुलूप तुटलं. आत मिट्ट काळोख आणि तापल्या छपराखालची धग. पाण्याची गुंडी लवंडलेली. पोरीचं अंग तव्यासारखं तापलं होतं, ओठ फुटले होते. ऑटोतून दोघींनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर सलाईन लावत म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही खरं नव्हतं.

लोकेश अंधार पडता पडता आला. खाटेपाशी उभा राहिला, पण पोरीला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

"कोणाच्या भरोशावर सोडू, मॅडम? बाहेर सोडली अन् काही झालं असतं तर?"

मॅडमच्या तोंडाशी शिव्याच आल्या होत्या. पण त्या पोरीला जी एक जागा उघडी होती, तिथून त्यांनीच तिला घालवलं होतं.

"मी तक्रार लिहून देणार आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

"लिहा," तो म्हणाला.

त्यांनी लिहिली. ठाण्यातले साहेब लोक आले, लोकेशचा जबाब घेऊन गेले. दिवसा पोरीला गोदाबाईकडे ठेवायचं ठरलं. दोन आठवड्यांनी मयुरी शाळेत आली, पण वर्गाच्या आत बसेना. उंबऱ्यावर बसली, एक पाय बाहेर ठेवून. मॅडमनी तिला बसू दिलं.

त्या दिवशी तिघे आले नव्हते. राहुल तर चार दिवस झाले दिसला नव्हता. मॅडमनी रजिस्टर मिटलं.

"राहुलचं घर कोणाले माहीत आहे?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. हात कोणीच वर केला नाही.