सातव्या प्रकरणातले वडील

शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीखाली वेलांटीने पट्टी ठेवली आणि तो उजवीकडून डावीकडे, एकेक शब्द करत वर सरकू लागला. छापखान्यात त्याला सगळे वेलांटीच म्हणत. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला आणखी एखादं नाव असावं, अशी कुणाला गरज वाटली नव्हती. त्यालाही नाही.

"ते राहू दे," मालक दारातूनच म्हणाले. "आधी सांग, ही वाचण्यासारखी आहे का?"

त्यांच्या हातात ती कादंबरी होती. कादंबरी म्हणजे कशीबशीच. शंभर पानंसुद्धा भरत नव्हती. पण अभिजात. इथे तिच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या होत्या, की यंत्राने ती झोपेतही छापली असती.

"का हो?"

"कागद एकाच पुस्तकापुरता आहे. एक तर ही, नाही तर डॉक्टरीणबाईंचं 'पोट आत घ्या'. त्यात चित्रंच जास्त." मालक जरा घुटमळले. "म्हणजे तपासायलाही फारसं काही नाही. तेवढं तुझं तू समजून घे."

वेलांटीने समजून घेतलं. पोट आत गेलं तर तो बाहेर जाणार होता.

मालकांनी चौकशी आधीच उरकली होती. अक्षरजुळणी करणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "मी सगळी टाइप केलीय. वाचायला कुणी सांगितलं नव्हतं." बांधणीकाकांना पुस्तकाची पाठ तोंडपाठ होती, पोटात काय आहे ते माहीत नव्हतं. मालक स्वतः वाचणारच होते, पण मध्येच त्यांना मधुमेह झाला.

"आता राहिलास तू. तू तर अक्षर न् अक्षर वाचलंयस."

"वाचलंय. पण उलटं."

हे खरं होतं. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत वाचायचं, ही त्याच्या वडिलांची शिकवण. याच टेबलाशी, याच पट्टीने तेही आयुष्यभर उलटं वाचत आले होते. वाक्याला अर्थ फुटला की डोळा चुकीवरून घसरतो, असं ते म्हणत. 'गोष्टीच्या नादी लागू नकोस. लेखकाचं त्याला निस्तरू दे.' त्यामुळे या कादंबरीतल्या प्रत्येक शब्दाशी वेलांटीची ओळख होती, आणि तिच्यात घडतं काय, याची मात्र गंधवार्ता नव्हती. त्याच्या लेखी ती म्हणजे, काही माणसं आधी निघून जातात आणि मग हळूहळू घरात गोळा होतात, अशी काहीतरी होती.

"मग एकदा सुलटं वाच," मालक म्हणाले, "आणि संध्याकाळपर्यंत सांग."

दुपारी ताईचा फोन आला. वडील गेल्यापासून ती रोज करायची.

"आज काही वाटलं का?"

"भूक लागली होती."

"ती नाही रे."

"मग नाही."

ताईने सुस्कारा टाकला. रुग्णालयात डॉक्टरांनी दाखला पुढे केला तेव्हा वेलांटीने तो वाचून 'मृत्यू'तला शेवटचा उकार दीर्घ करून घेतला होता. हे ताईने पाहिलं होतं. तिने तेव्हा टाहो फोडला होता, आणि डॉक्टर बिचारे पेन हातात घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होते.

"रविवारी बाबांची खोली आवरायचीय," ती म्हणाली. "नाही आलास तरी चालेल. मी एक हमाल सांगते. तोही तुझ्याइतकाच रडेल, वर कपाटं तरी उचलेल."

"येतो म्हटलं ना."

"ये. पण येताना कुणाला तरी घेऊन ये. तुझ्या आतलं कुणी असलं तर."

त्याने फोन ठेवला आणि आत कुणी आहे का, ते खरोखर पाहिलं. दात काढून घेतल्यावर जीभ जशी त्या जागी फिरते, तसा तो थोडा वेळ फिरून आला. बधिर होतं सगळं. मग त्याने पट्टी बाजूला ठेवली, कारण सुलटं वाचताना तिचं काय करायचं ते त्याला सुचेना, आणि पहिलं पान उघडलं.

घर होतं. बाप होता, मुलगा होता. मुलगा बापाशी भांडत नव्हता, बोलतही नव्हता. दोघं एका टेबलाशी बसत आणि उठत. वेलांटी न थांबता वाचत गेला. शब्द ओळखीचे, पण ते एकामागून एक येऊन काहीतरी म्हणत होते, याचं त्याला जरा अवघडल्यासारखं झालं. नेहमीच्या भाजीवाल्याने एकदम घरी यावं तसं.

सहाव्या प्रकरणात बाप मेला. सकाळी, खुर्चीत, कुणाला हाक न मारता. वेलांटीने ते वाचलं. स्वल्पविराम जागच्या जागी होते. त्याने पान उलटलं.

सातव्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत बाप म्हणाला, 'मीठ कुठंय?'

वेलांटीचा हात टेबलावरून पुढे सरकला आणि शाईच्या बाटलीला लागून थांबला.

त्याने मागचं पान पाहिलं. बाप मेलेला. पुढचं पाहिलं. बाप मीठ मागतोय. मुलगा वर न बघता ते सरकवतोय. बाप म्हणतोय, 'आज कुठे जाणार आहेस का?' मुलगा म्हणतोय, 'का?' बाप म्हणतोय, 'काही नाही. सहज.' प्रकरण संपलं. वेलांटीने ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा.

पुस्तकाच्या सुरुवातीला कुण्या प्राध्यापकांची प्रस्तावना होती. जीवन आणि मृत्यू यांची सीमारेषा पुसून टाकणारी ही धाडसी रचना, असं त्यांनी म्हटलं होतं. असेल. पण वेलांटी जन्माने मुद्रितशोधक होता. धाडस दिसलं की त्याला आधी शंका यायची.

मागच्या खोलीतल्या कपाटात कादंबरीची पहिली आवृत्ती होती. कसरीने तिची कडा खाल्ली होती, मजकूर तेवढा वाचला होता. त्यात बाप सहाव्या प्रकरणात मीठ मागत होता आणि सातव्यात मरत होता. आठव्यात तो नव्हता. पुढेही कुठे नव्हता.

तो अक्षरजुळणीच्या खोलीत गेला.

"बाई, ही नव्याने टाइप केली तेव्हा प्रकरणं कशी जोडली होती?"

"वेगवेगळी केली होती, मग एकाखाली एक लावली. आकडे काय, कॉम्प्युटर आपोआप टाकतो." बाईंनी चष्मा वर केला. "का रे? काही राहिलं का?"

"नाही. सगळं आहे."

सगळं होतंच. फक्त दोन प्रकरणांनी जागा बदलल्या होत्या. त्यानंतरची प्रत्येक आवृत्ती त्याच्या डोळ्यांखालून गेली होती, शेवटाकडून सुरुवातीकडे, एकाही चुकीच्या उकाराशिवाय.

तो आपल्या टेबलाशी येऊन बसला. गप्प राहिला तर कुणाला कळणार नव्हतं. प्राध्यापक खूश होते, मुलं परीक्षेत सीमारेषा पुसत होती, आणि बाप सातव्या प्रकरणात जिवंत होता. मुद्रितं समोर होती. सहाच्या वर आणि सातच्या वर एकेक खूण, मध्ये एक बाण. एवढंच काम होतं. त्याने पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

मग त्याने खुणा केल्या आणि बाण काढला. आणि दुरुस्ती बरोबर झालीय की नाही हे पाहण्यासाठी त्या क्रमाने सगळं वाचून काढलं. आधी मीठ. मग खुर्ची. मग आठवं प्रकरण, त्यात मुलगा एकटा जेवायला बसतो. या वेळी स्वल्पविराम कुठे होते ते त्याला सांगता आलं नसतं.

मालक आले तेव्हा बाहेरचे दिवे लागत होते. त्याने त्यांना सगळं सांगितलं. मालक खुर्ची ओढून बसले.

"म्हणजे मेलेला माणूस परत येत नाही?"

"नाही."

"मग त्यात विशेष काय?"

वेलांटीने मुद्रितं त्यांच्यापुढे सरकवली.

"अरे, लोक त्यासाठी घेतात ती. इतकी वर्षं कुणाची तक्रार नाही. आणि तू म्हणतोस, बाप जेवतो, मग मरतो, आणि मेलेलाच राहतो. हे तर कुणाच्याही घरी होतं."

"हो."

"तरी वाचण्यासारखी आहे?"

"हो," वेलांटी म्हणाला. त्याने पट्टी उचलून खणात ठेवली. मालकांनी चमकून वर पाहिलं. मग मुद्रितांवरचा बाण पाहिला, आणि आणखी थोडा वेळ तो बाणच पाहत राहिले.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "पोटं काय, थांबतील. ती कुठे आत जातायत इतक्यात."

मालक गेल्यावर वेलांटीने ताईला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"काय रे? तू कसा काय फोन केलास?"

"ताई," तो म्हणाला, "बाबा गेले गं."

भांड्यांचा आवाज थांबला.

"हो रे," ती म्हणाली. "गेले."